दंड दहा हजारांचा ठरला, परवान्याचे काय?

महोदय,

मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांविषयी आपल्या दैनिकात गेल्या काही आठवड्यांत वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध झाली, ती मी सगळी वाचली. कोणी दंड 50 हजार करा म्हणतो, कोणी पहिल्याच गुन्ह्याला कारावास सक्तीचा करा म्हणतो, आणि एका वाचकाने तर अशा चालकाची भर चौकातून धिंड काढावी असे सुचवले आहे. त्यांचा संताप मला समजतो. माझ्या घरातही त्याला कारण घडलेले आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. परंतु मी 31 वर्षे विदर्भातील निरनिराळ्या न्यायालयांत लिपिक म्हणून नोकरी केली, त्यातील बराच काळ मोटार वाहन कायद्याची प्रकरणे ज्या टेबलावरून पुढे सरकतात त्या टेबलावर काढला, आणि 2023 मध्ये निवृत्त झालो. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, शिक्षेचा आकडा वाढवण्यावर खर्च होणारी ही सगळी शाई दुसरीकडे वळवली पाहिजे. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण चर्चेत तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 185 हे या गुन्ह्याचे कलम. मूळ मजकुरात चालकाच्या रक्तात मद्याचा अंश कितीही अल्प सापडला तरी गुन्हा होत असे. 1994 च्या दुरुस्तीने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आली आणि श्वास तपासणाऱ्या यंत्राला कायद्यात स्थान मिळाले. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कारावास किंवा 2 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि 3 वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास 2 वर्षांपर्यंत कारावास किंवा 3 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा अनेक वर्षे होती. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दंड अनुक्रमे 10 हजार आणि 15 हजार झाला. कारावासाची मुदत तेवढीच राहिली. या दुरुस्तीत दोन बारीक बदल झाले, त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एक तर दंडापुढचा 'पर्यंत' हा शब्द गेला, म्हणजे दंड द्यायचाच तर तो नेमका तेवढाच. दुसरे म्हणजे दोन गुन्ह्यांमधील 3 वर्षांची अट गेली, त्यामुळे 8 वर्षांनी पुन्हा सापडलेला मनुष्यही आता दुसऱ्यांदा सापडलेलाच धरला जातो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हेल्मेट नसणे, सिग्नल तोडणे यांसारखी प्रकरणे जागेवर किंवा मोबाईलवर आलेल्या ई-चालानचे पैसे भरून मिटतात आणि या तडजोडीचे वाढीव दर आपल्या राज्यात डिसेंबर 2021 मध्ये लागू झाले. कलम 185 मात्र तडजोडीच्या यादीत नाही. पोलिसाला तेथे पावती फाडण्याचा अधिकारच नाही. प्रकरण न्यायालयासमोर यावेच लागते. तेव्हा 'नाक्यावरच दहा हजार भरून सुटलो' असे कोणी सांगत असेल, तर त्याने ते पैसे कोणाला दिले हा वेगळ्या चौकशीचा विषय आहे.

आता न्यायालयात काय होते ते पाहा. धुळवडीनंतरचा पहिला कामाचा दिवस आमच्या टेबलावर नेहमीच जड जाई. सकाळी साडेदहालाच पैरवी हवालदार, म्हणजे न्यायालयात पोलिसांचे काम पाहणारा हवालदार, दोरीने बांधलेला गठ्ठा आणून ठेवी. प्रत्येक प्रकरणाला यंत्रातून निघालेली ती बोटभर रुंद चिठ्ठी टाचलेली असे, आणि साध्या कागदावर तिची झेरॉक्स काढून जोडलेली असे, कारण मूळ चिठ्ठीवरील अक्षरे उन्हाळा संपेपर्यंत उडून जातात. व्हरांड्यात अठरा-वीस जण उभे असत. काहींच्या कानामागे अजून गुलाबी रंग असे. शिपाई पुकारा करी, न्यायाधीश गुन्हा वाचून दाखवत, 'कबूल आहे का?' असे विचारत, 'हो साहेब' असे उत्तर येई आणि दंड सुनावला जाई. कधी त्याच्या जोडीला न्यायालय उठेपर्यंत कैद अशी शिक्षा असे, म्हणजे सायंकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचे. नाझराकडे, म्हणजे न्यायालयात पैसे घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, पैसे भरायचे, पावती घ्यायची, संपले. एका प्रकरणाला चार मिनिटे लागली तरी ती पुष्कळ म्हणावी लागतील.

एक दिवस माझ्या विशेष लक्षात आहे. लागोपाठ दोन आरोपी आले. पहिला छोट्या मालवाहू गाडीतून भाजी आणणारा. दंड ऐकून तो खालीच बसला, संध्याकाळपर्यंत मुदत मागून बाहेर गेला आणि साडेचारला शंभर-शंभरच्या नोटांची गड्डी घेऊन परतला. नाझराने ती दोनदा मोजली, कारण मध्ये एक फाटकी नोट होती. दुसरा कोण होता ते सांगत नाही. त्याची गाडी माझ्या आयुष्यभराच्या पगारात बसली नसती. तो बाहेर येऊन वकिलाला हसत म्हणाला, ''कालच्या बिलाहून कमीच लागले की, साहेब.'' दोघांना पावती सारखीच मिळाली, शाईही तीच. ज्यांना दंडाचा आकडा वाढवायचा आहे, त्यांनी या दोघांपैकी कोणाला डोळ्यांसमोर ठेवले आहे हे मला समजून घ्यायला आवडेल. 50 हजार केले तर भाजीवाला गाडी विकेल आणि दुसरा तेव्हाही हसेलच.

या दोघांच्याही फाइलमध्ये एक गोष्ट कोणी विचारली नाही, मीही नाही, हे कबूल करतो. त्यांच्या परवान्याचे पुढे काय झाले? 2019 च्या त्याच दुरुस्तीने कलम 206 आणि कलम 19 मध्ये भर घातली आहे. कलम 185 चा गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल तर पोलीस अधिकाऱ्याने चालकाचा परवाना जप्त करून परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बोलीत आरटीओकडे, पाठवायचा आहे. प्राधिकरणाला त्या मनुष्याचे म्हणणे ऐकून, कारणे लेखी नोंदवून, पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांसाठी त्याला अपात्र ठरवता येते आणि दुसऱ्या गुन्ह्याला परवानाच रद्द करता येतो. उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय तो परत द्यायचा नाही, असेही त्यात आहे. न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची अट त्यात नाही. ही तरतूद दंडाहून कितीतरी धारदार आहे आणि तिचा उल्लेख आपल्याकडे आलेल्या एकाही पत्रात नव्हता.

ती बोथट का राहते, याची कारणे अगदी साधी आणि कचेरीतली आहेत. पोलीस, न्यायालय आणि परवाना प्राधिकरण अशी तीन दारे आहेत आणि एका दारातला कागद दुसऱ्या दारात गेला की नाही हे पाहण्याचे काम तिघांपैकी कोणाचेच नाही. न्यायालयाच्या दृष्टीने दंडाची पावती फाइलला लागली की प्रकरण निकाली निघते. त्यात आता परवाना मोबाईलमध्ये दाखवण्याची सोय झाली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळे रात्री नाक्यावर चालकाच्या खिशात जप्त करण्यासारखे कार्डच नसते, ते घरी कपाटात असते. जप्तीची नोंद संगणकावर करता येते, पण ती करावी लागते. रात्री एक वाजता चार गाड्या रांगेत उभ्या असताना, मागून हॉर्न वाजत असताना आणि एखाद्या आरोपीचा फोन 'साहेबांशी बोला' म्हणून पुढे सरकत असताना ती नोंद होतेच असे मी म्हणणार नाही. पोलिसांवर हा आरोप नाही. ज्या कामाचा हिशेब कोणी मागत नाही ते काम मागे पडते, एवढेच मी 31 वर्षांत पाहिले आहे.

परवाना निलंबनावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. ज्याचे पोटच गाडीवर आहे, त्या ऑटोचालकाला किंवा माझ्या त्या भाजीवाल्याला 3 महिने म्हणजे पूर्ण उपासमार, तर धनवानाला ड्रायव्हर ठेवण्याची गैरसोय. हा विषम भार मला मान्य आहे. तरीही दंडात आणि यात एक भेद राहतो: ज्याने ड्रायव्हर ठेवला तो निदान स्वतः चाकामागे नाही, आणि रस्त्यावरच्या इतरांना हवे आहे ते तेवढेच.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. दिवाळीत तो नागपूरला आला असता या विषयावर आमचे बोलणे झाले आणि त्यानंतर मी थोडे वाचन केले. तेथे हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. मद्याची मर्यादा 0.08 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 80 मिलिग्रॅम. सर्व राज्यांनी ती 2004 पर्यंत स्वीकारली, कारण ती न स्वीकारणाऱ्या राज्याचा महामार्गांचा निधी केंद्र सरकार कापणार होते. एकट्या युटाने 2018 च्या अखेरीस ती 0.05 वर आणली. म्हणजे आपली 30 मिलिग्रॅमची मर्यादा त्यांच्या निम्म्याहूनही कमी आहे. कागदावर आपण त्यांच्यापेक्षा कडक आहोत. शिक्षांमध्येही राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विस्कॉन्सिनमध्ये पहिला गुन्हा सहसा फौजदारी धरतच नाहीत, तर ॲरिझोनात पहिल्याच खेपेला तुरुंग आणि त्यानंतर गाडीत असे यंत्र बसवणे भाग आहे की, चालकाने फुंकर मारल्याशिवाय आणि श्वास स्वच्छ निघाल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

पण मला त्या शिक्षांपेक्षा महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. तेथे परवान्याची कारवाई फौजदारी खटल्यापासून तोडून काढलेली आहे. टेक्सासमध्ये तपासणीत नापास झालेल्याच्या हाती पोलीस तेथल्या तेथे नोटीस देतो. 15 दिवसांत त्याने सुनावणी मागितली नाही तर नोटिशीपासून 40 व्या दिवशी परवाना आपोआप निलंबित होतो, प्रथमच सापडला असल्यास 90 दिवसांसाठी. आणि तपासणीलाच नकार दिला, तर 180 दिवसांसाठी. खटला पुढे वर्षभर चालो की चालू नये, त्याच्याशी याचा संबंध नाही. मिनेसोटाने ही पद्धत 1976 मध्येच सुरू केली होती. आपल्या कलम 19 मध्ये जे लिहिले आहे त्याच्याशी ताडून पाहिले, तर लक्षात येईल की हत्यार आपल्याकडेही आहे. तेथे ते घड्याळाला बांधलेले आहे आणि आपल्याकडे कोणाच्या तरी सवडीला. अमेरिकेचे सगळे अनुकरणीय आहे असे मात्र मी म्हणत नाही. भाच्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याच्या गावात रात्री बस नाही आणि रिक्षा नाही, त्यामुळे बारच्या बाहेर रोज गाड्यांची रांग असते.

घड्याळाचा विषय निघाला आहे तर आता घरातली गोष्ट सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये माझे मेहुणे एका स्वागत समारंभाहून स्कूटरने परत येत होते. वर्धा मार्गावर रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी मागून आलेल्या मोटारीने त्यांना उडवले. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. पानठेल्यावरच्या मुलांनी चालकाला धरून ठेवले होते. त्याच्या तोंडाला वास येत होता, तो गाडीला टेकून उभा होता आणि आपली चप्पल शोधत होता, ती त्याच्या पायातच होती. पोलीस वीस मिनिटांत आले, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु श्वास तपासण्याचे यंत्र त्या वेळी दुसऱ्या चौकातील नाकाबंदीवर होते. चालकाला आधी ठाण्यात नेले, तेथे कागद झाले, मग रुग्णालयात नेले, तेथे आकस्मिक विभागात एकच डॉक्टर आणि आधी आलेले रुग्ण. रक्ताचा नमुना घेतल्याची वेळ कागदावर पहाटे 4 वाजून 50 मिनिटे अशी आहे. चार महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला: 100 मिलिलिटरमध्ये 28 मिलिग्रॅम.

मर्यादा 30 ची. कलम 185 गळाले. आता भारतीय दंड संहितेची कलमे 279 आणि 338, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणे आणि त्यातून गंभीर दुखापत करणे, तेवढी उरली आहेत आणि तारखा पडत आहेत.

मद्य रक्तातून 100 मिलिलिटरमागे तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम या गतीने कमी होते, हे वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत असते. अपघात आणि सुई यांच्यात साडेपाच तास गेले. तासाला 15 धरले तर अपघाताच्या वेळचा आकडा 110 च्या आसपास निघतो, आणि अगदी कंजूषपणे 10 धरले तरी 80 च्या पुढे जातो. शेवटचा घोट केव्हा घेतला, पोटात जेवण किती होते, यावर तो थोडा खालीवर होईल, हे मी जाणतो. पण हे गणित आमच्या प्रकरणात कोणी मांडलेच नाही. अहवालात एक संख्या आहे आणि कायद्यात एक संख्या आहे. दोन्हींच्या मध्ये गेलेली रात्र कोणत्याच रकान्यात नाही.

कायद्याने या रात्रीचा विचार केलेला नाही असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 203 प्रमाणे श्वासाची तपासणी शक्य तितक्या लवकर व्हायला हवी आणि अपघातानंतर चालक रुग्णालयात असेल तर ती तेथेही करता येते. श्वासात मद्य आढळले किंवा त्याने फुंकण्यास नकार दिला, तर विनावॉरंट अटक करता येते, आणि कलम 204 प्रमाणे ठाण्यात डॉक्टरमार्फत त्याचे रक्त घेता येते. नकार दिला म्हणजे सुटलो असे नाही. कलम 205 प्रमाणे तो नकार त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. कलम 202 तर सांगते की, कलम 185 खाली अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून 2 तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावे लागेल. यातली मेख टेबलावर काम केलेल्यालाच दिसते: 2 तास अटकेपासून मोजायचे आहेत, अपघातापासून नव्हे. त्यामुळे अटकेची वेळ कागदावर उशिरा पडली की कायद्याचे घड्याळही उशिरा सुरू होते आणि नमुना पहाटे घेतला तरी सगळे नियमात बसते.

नमुना कसा घ्यायचा याचेही नियम जुने आणि काटेकोर आहेत. दारूबंदी कायद्याखालील 1959 च्या नियमांत सिरिंजला कोणत्याही टप्प्यावर मद्याचा स्पर्श होऊ नये असे लिहिले आहे, म्हणून नेहमीच्या स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसून चालत नाही. कुपीत रक्त टिकवणारे रसायन हवे, नमुना घेतल्याचे आणि तो पाठवल्याचे ठरावीक फॉर्म भरायला हवेत. बचावाचे वकील पहिला प्रश्न त्या बोळ्याचाच विचारतात. एका प्रकरणात तर तरुण डॉक्टरने साक्षीत प्रामाणिकपणे सांगून टाकले होते की, त्या रात्री हाताशी जे होते तेच वापरले. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला आणि आरोपी सुटला.

जेथे जीवच जातो, तेथे चर्चा लगेच कलमांवर येते. जुन्या दंड संहितेचे कलम 304-अ, निष्काळजीपणाने मृत्यू, याला 2 वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 च्या पहिल्या पोटकलमात ती 5 वर्षांपर्यंत नेली आहे. धडक देऊन पळून जाणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे दुसरे पोटकलम मालमोटार चालकांच्या जानेवारी 2024 च्या आंदोलनानंतर अंमलात आणलेच गेले नाही. सदोष मनुष्यवधाचे, म्हणजे मृत्यू होऊ शकतो हे माहीत असूनही तसे कृत्य केल्याचे, कलम लागले तर गोष्ट वेगळी होते. मुंबईत 2006 मध्ये कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेले 7 मजूर मोटारीखाली गेले, तेव्हा कनिष्ठ न्यायालयाने निष्काळजीपणा धरून 6 महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून 3 वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती कायम ठेवली. आपल्या शहरात फेब्रुवारी 2024 मध्ये रामझुला पुलावर मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुणांचा जीव गेला, तेथेही आधी जामीनपात्र कलम लागले आणि मग कठोर कलम. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यातील कल्याणीनगरच्या प्रकरणात अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दोघांचा जीव घेतला आणि त्याला जामीन देताना घातलेली 300 शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. पण त्या प्रकरणात खरी ओरड झाली ती रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाची. कलम कितीही जड लावा, त्याचा पाया त्या एका कुपीत असतो.

मद्याच्या विक्रीबद्दल थोडक्यात लिहितो. घटनेप्रमाणे मोटार वाहने हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय आहे, तर दारू हा राज्याचा. म्हणजे मर्यादा दिल्लीत ठरते, परवाना कक्षांचे, म्हणजे बारचे, शुल्क मुंबईत जमा होते आणि नाकाबंदी नागपूरच्या हवालदाराला करावी लागते. गांधीजींच्या आणि विनोबांच्या वर्ध्यात दारूबंदी आहे आणि ती असावी असे मला वाटते. पण शनिवारी रात्री बुटीबोरीच्या पुढे जाऊन पाहा, जिल्ह्याची हद्द लागण्याआधी बसून मग घरी परतणाऱ्या गाड्या कोणत्या दिशेने जातात. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारू विकू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला होता; पुढच्याच वर्षी महापालिका हद्दींना त्यातून वगळले गेले आणि शहरात आधीसारखेच सुरू झाले. मेट्रोची शेवटची गाडी दहाच्या सुमारास जाते, बार त्यानंतरही कितीतरी वेळ उघडे असतात. या दोन वेळांचा कोणी एकदा मेळ घालील तर बरे होईल. आणि हो, कलम 188 चा उल्लेख कोणीच करत नाही: या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. 'काही होत नाही, मी आहे ना, काढ गाडी' असे म्हणून मित्राच्या हातात किल्ली ठेवणाऱ्यांनी ते एकदा वाचून ठेवावे.

आता माझी विनंती. पोलीस आयुक्तांनी अपघाताच्या ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येक रात्रपाळीच्या वाहनात श्वास तपासण्याचे यंत्र आणि नळ्यांचा पुरेसा साठा ठेवावा. नाकाबंदीवरचे यंत्र अपघाताला मागवण्याची वेळच येऊ नये. अपघाताची वेळ, अटकेची वेळ आणि नमुन्याची वेळ या तिन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक लिहाव्यात, म्हणजे मधले अंतर न्यायाधीशांच्या नजरेतून सुटणार नाही. परवाना प्राधिकरणाने दरमहा जाहीर करावे की, पोलिसांकडून कलम 185 खालील किती परवाने आले, किती जणांना नोटिसा गेल्या, किती निलंबित झाले आणि किती रद्द झाले. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. एक वही लागते, आणि सध्याच्या काळात तीही लागत नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. दरवर्षी 1 जानेवारीला आपण पहिल्या पानावर 'मद्यपी चालकांवर कारवाई' म्हणून रात्रीत पकडलेल्यांचा आकडा छापता. येत्या वर्षी तो छापाच. पण पुढे 1 एप्रिलला आपल्या वार्ताहराला परवाना प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवून, त्या रात्री पकडलेल्यांपैकी किती जणांचे परवाने निलंबित झाले तो आकडाही त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा.

माझ्या मेहुण्यांचे प्रकरण अद्याप न्यायप्रविष्ट असल्याने माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक
प्रतापनगर, नागपूर